लीलावती, माग आणि जनगणना : खान्देशात ‘बाहेरचे’ कोण?

१/
भास्कराचार्यांची कन्या लीलावती. तिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र मांडलेले असते. त्यात वाकून पाहताना तिच्या अलंकारातील एक मोती निखळतो आणि पात्राच्या छिद्रावर बसतो. पाणी थांबते, मुहूर्त टळतो. दुःखी कन्येचे नाव अजरामर करण्यासाठी पिता तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहितो. ही कथा महाराष्ट्रातील मुले शाळेपासून ऐकत आली आहेत. ती आली कोठून?

२/
भास्कराचार्यांच्या मूळ संस्कृत ग्रंथात ही कथा नाही. ती आढळते त्या ग्रंथाच्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने हे भाषांतर १५८७ मध्ये पूर्ण केले. मराठी घराघरांत सांगितली जाणारी ही कथा आपल्यापर्यंत एका मुसलमान कवीच्या लेखणीतून पोहोचली आहे.

३/
पुढे १५९१ मध्ये अकबराने याच फैजीला वकील म्हणून दक्षिणेत पाठविले. त्याची पहिली भेट होती खान्देशचा सुलतान राजा अली खान याच्याशी, बुऱ्हाणपुरात. हे नगर आज मध्य प्रदेशात असले तरी ती खान्देशची जुनी राजधानी आहे. जळगाव जिल्ह्यातील रावेरच्या अगदी शेजारची. भास्कराचार्यांच्या वंशजांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला तोही खान्देशातच, चाळीसगावजवळच्या पाटण येथे.

४/
हा धागा तीन प्रश्नांविषयी आहे. मुसलमान बाहेरून आले काय? त्यांचा जननदर इतरांना मागे टाकील काय? आणि विज्ञानात त्यांचे योगदान किती? धुळे-जळगावच्या कट्ट्यांवर हे तीन प्रश्न एकाच दमात विचारले जातात आणि उत्तरही एकच दिले जाते. कोणी ‘आक्रमक’ म्हणून मोकळा होतो, कोणी ‘जगाला विज्ञान आम्हीच दिले’ म्हणून. ऑक्टोबर २००८ आणि जानेवारी २०१३ मध्ये धुळे शहराने दंगली पाहिल्या आहेत. त्यामुळे येथे ही निव्वळ वेळ घालविण्याची चर्चा उरत नाही. प्रत्येक प्रश्नाचा पुरावा वेगळा आहे. तो वेगळाच तपासावा लागतो.

५/
आधी विज्ञान. पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि घराण्यातील इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापिला व निकुंभ घराण्यातील सोइदेव या स्थानिक राजाने इ.स. १२०७ च्या सुमारास त्यास दान दिले, असे हा लेख सांगतो. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. एका गणितज्ञाच्या ग्रंथांसाठी कोरलेले दानपत्र ही भारतीय इतिहासात दुर्मीळ वस्तू आहे.

६/
मात्र भारतीय गणिताचा प्रवास त्याआधीच सुरू झाला होता. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात एक संस्कृत ज्योतिषग्रंथ बगदादला पोहोचला आणि ‘सिंदहिंद’ या नावाने अरबीत आला. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने भारतीय अंकांनी गणित कसे करावे यावर पुस्तक लिहिले. युरोप ज्यांना ‘अरबी अंक’ म्हणू लागला, त्यांना अरब ग्रंथकार स्वतः ‘हिंदी’ अंकच म्हणत. ‘अल्गोरिदम’ हा शब्द ख्वारिझ्मीच्या नावाचे लॅटिन रूप आहे, तर ‘अल्जिब्रा’ हा त्याच्या दुसऱ्या ग्रंथाच्या शीर्षकातील ‘अल-जब्र’ या शब्दापासून आलेला आहे.

७/
यावरून काही जण निष्कर्ष काढतात की अरबांनी केवळ पोस्टमनचे काम केले. तेही खरे नाही. समीकरणांची पद्धतशीर मांडणी करून बीजगणिताला स्वतंत्र शास्त्राचे रूप देणे हे ख्वारिझ्मीचे काम. अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो हे प्रयोगांच्या आधारे मांडले आणि दृष्टिशास्त्राची दिशा बदलली. त्याच काळात अल-बिरूनी संस्कृत शिकला आणि भारतीय शास्त्रांवर सविस्तर ग्रंथ लिहून गेला.

८/
आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्याला ‘इस्लामी विज्ञान’ म्हटले जाते ते घडविणारे सर्व जण मुसलमान नव्हते. ग्रीक वैद्यकाचा महान भाषांतरकार हुनैन इब्न इसहाक हा ख्रिस्ती होता. गणितज्ञ साबित इब्न कुर्रा हा नक्षत्रपूजक साबियन पंथाचा होता. ख्वारिझ्मी आणि बिरूनी मध्य आशियातील ख्वारझमचे. त्यांना जोडणारा धागा होता अरबी ही ज्ञानभाषा आणि राजाश्रय. जसे प्राकृत बोलणारा जैन पंडितही संस्कृतात लिहीत असे, तसेच हे.

९/
जैन पंडिताचे उदाहरण मुद्दाम दिले आहे. १३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाच्या आश्रयाला असलेल्या महेंद्र सूरी या जैन मुनींनी ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचा विषय होता ॲस्ट्रोलेब, म्हणजे ग्रीक-अरब परंपरेतून आलेले, ताऱ्यांची उंची व वेळ काढण्याचे यंत्र. त्याच सुमारास त्याच फिरोजशाहाने मलिक राजा या सरदाराला तापीकाठचे थाळनेर जहागीर म्हणून दिले. हे थाळनेर आज धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात आहे. तेथूनच खान्देशची फारुकी सल्तनत उभी राहिली.

१०/
या फारुकींच्या बुऱ्हाणपुरातील जामा मशिदीत राजा अली खानाचा एक लेख आहे. अरबी लेखाशेजारी तो संस्कृतातही आहे. आरंभी सृष्टिकर्त्याला वंदन, नंतर फारुकी राजांची वंशावळ आणि शेवटी मशिदीचा काल : संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध पक्ष, त्यापुढे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. पूर्ण पंचांग. मशिदीचा काल मांडण्यासाठी सुलतानाने जोशीबुवांना पाचारण केल्याशिवाय असा लेख तयार होत नाही.

११/
पंचवीस वर्षांनी त्याच शहराला पाणी कमी पडू लागले. मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खान-ए-खानान याच्या काळात, १६१५ मध्ये, सातपुड्याकडून झिरपणारे भूजल अडवून शहरात आणण्याची योजना झाली. तीच ‘कुंडी भंडारा’. भूमिगत बोगदा, त्यावर ठराविक अंतराने उघडणाऱ्या शंभराहून अधिक कुंड्या, आणि केवळ उताराच्या बळावर वाहणारे पाणी. हे तंत्र इराणातील ‘कनात’चे. इराणी तंत्र आणि सातपुड्याचे पाणी यांचा हा मेळ आजही पाहता येतो.

१२/
भाषांतरांची देवाणघेवाण पुढेही चालू राहिली. शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये, भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ फारसीत आले. भाषांतरकार अताउल्लाह रुश्दी हा ताजमहालाचा स्थपती उस्ताद अहमद लाहोरी याचा पुत्र. उलट दिशेने, अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राटाने युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचे ज्योतिष अरबीवरून संस्कृतात आणले.

१३/
याचा अर्थ तेव्हा सर्वत्र गुण्यागोविंदाने चालले होते असा नाही. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली आणि पुढील दोन दशकांत यादवांचे राज्य संपले. ज्या राजवंशाच्या छायेत चांगदेवाचा मठ उभा राहिला, तो वंशच उरला नाही. हे लपविण्याचे कारण नाही. आणि लढाया नेहमी धर्माच्या रेषेवर झाल्या असेही नाही : १६०१ मध्ये असीरगड घेऊन फारुकींची सल्तनत बुडविली ती अकबराने. ज्या वाटांनी सैन्ये गेली, त्याच वाटांनी ग्रंथही गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन्ही नोंदवावे लागते.

१४/
आता स्थलांतर. फारुकी बाहेरून आले हे खरेच. ते आपला वंश खलिफा उमर फारुक यांच्यापर्यंत नेत. परंतु सत्ताधारी घराणे म्हणजे समाज नव्हे. खान्देशातील मुसलमान समाज एका लाटेत आलेला नाही. त्याचे निदान चार थर वेगळे करता येतात, आणि प्रत्येकाचे कारण निराळे आहे.

१५/
पहिला थर निर्वासितांचा. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिंधवर अर्घूनांनी ताबा मिळविला. त्या धामधुमीत तेथील अनेक विद्वान व सूफी घराणी गुजरातमार्गे बुऱ्हाणपूरला आली. त्यांची वस्ती म्हणजे सिंधीपुरा. १६२२ मध्ये निवर्तलेले सूफी शेख ईसा जुंदुल्लाह हे याच परंपरेतील. मुसलमान आक्रमकांपासून पळालेले मुसलमान, असा हा प्रसंग आहे.

१६/
दुसरा थर नोकरीपेशाच्या लोकांचा. दख्खनचा प्रसिद्ध इतिहासकार फिरिश्ता हा कॅस्पियन समुद्राजवळच्या अस्तराबादचा. अहमदनगर व विजापूर दरबारी चाकरी करून त्याने जो इतिहास लिहिला, त्यात खान्देशच्या सुलतानांवर स्वतंत्र प्रकरण आहे. या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८२९ मध्ये प्रसिद्ध केला तो जॉन ब्रिग्ज याने. हाच ब्रिग्ज १८१८ नंतर खान्देशचा पहिला ब्रिटिश प्रशासक होता आणि त्याचे ठाणे होते धुळे.

१७/
ब्रिग्जला मिळालेले धुळे कसे होते? १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने खान्देश उजाड केला आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. १८१९ मध्ये धुळ्याची लोकसंख्या होती २,५०९ आणि घरे ४०१. ब्रिग्जने येथे नवी पेठ वसविली, व्यापारी आणि कारागिरांना येऊन राहण्यास उत्तेजन दिले. म्हणजे आजच्या धुळे शहरातील बहुसंख्य कुटुंबे, मग ती कोणत्याही धर्माची असोत, गेल्या दोनशे वर्षांत कोठून ना कोठून आलेली आहेत.

१८/
तिसरा थर विणकरांचा. हाच सर्वांत मोठा आणि आजच्या वादात सर्वाधिक ओढला जाणारा. बनारस, आझमगढ, मऊ, अलाहाबाद या पट्ट्यातील मोमिन किंवा अन्सारी विणकर एकोणिसाव्या शतकात बुऱ्हाणपूर, मालेगाव, धुळे आणि भिवंडीकडे आले. मँचेस्टरच्या कापडाने हातमाग मोडला होता, १८५७ च्या उठावानंतर उत्तरेत दडपशाही झाली होती आणि वरचेवर दुष्काळ पडत होते. पोट त्यांना इकडे घेऊन आले.

१९/
खान्देश हा कापसाचा मुलूख. येथे मागाला काम होते. मालेगाव, जे १८६९ मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत खान्देश जिल्ह्यातच होते, ते या विणकरांचे मोठे केंद्र झाले. या मागांवर विणले जात होते ते रंगीत लुगडे, मराठी स्त्रियांनी नेसायचे. भोजपुरी-अवधी बोलणारा विणकर, खान्देशी कापूस, मराठी गिऱ्हाईक. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. धुळ्यातील विणकर वस्त्यांत त्याचा खडखडाट आजही ऐकू येतो.

२०/
चौथ्या थराला ‘थर’ म्हणणेही चूक, कारण तो आलेलाच नाही. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे तडवी भिल्ल मुसलमान आहेत आणि आदिवासीही आहेत. अनुसूचित जमातींत त्यांची गणना होते. या भूमीवर त्यांचा वावर कोणत्याही सुलतानाच्या, पेशव्याच्या किंवा कलेक्टरच्या आधीपासूनचा आहे. कापूस पिंजणारे पिंजारी आणि बांगड्या विकणारे मण्यार हेही गावगाड्यात मुरलेले समाज. ‘बाहेरचे’ हा शब्द यांना लावता येत नाही.

२१/
आता दुसरी बाजू. मारवाडी व गुजराती व्यापारी कापसाच्या पाठोपाठ आले. गुजर समाज आपल्या परंपरेत उत्तर व पश्चिमेकडून आल्याचे सांगतो. १९४७ च्या फाळणीनंतर जळगावात सिंधी हिंदू कुटुंबे आली. सोळाव्या शतकात सिंधमधून मुसलमान निर्वासित तापीखोऱ्यात आले, विसाव्या शतकात त्याच सिंधमधून हिंदू निर्वासित आले. दोघांनाही या प्रदेशाने जागा दिली.

२२/
युरोपातील स्थलांतराचा वाद येथे जसाच्या तसा आणला जातो, तेव्हा हा फरक सुटतो. जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलाविले. तेथे सीमा ओलांडून आलेल्या, दुसऱ्या देशाच्या नागरिकांचा प्रश्न होता. मऊहून धुळ्याला आलेला विणकर आणि मारवाडातून जळगावला आलेला व्यापारी यांनी एकाच देशात गाव बदलले. दोघांना एकच मोजपट्टी लावावी लागेल.

२३/
उरला जननदर. ही भीतीही नवी नाही. १९०९ मध्ये कलकत्त्याच्या यू. एन. मुखर्जी यांनी जनगणनेचे आकडे घेऊन हिंदू ही नष्ट होत चाललेली जात आहे, अशी लेखमाला लिहिली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे गेली आणि हिंदूंची संख्या कित्येक पटींनी वाढली. खान्देशाची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे १४ लाख होती. जळगाव, धुळे व नंदुरबार मिळून २०११ मध्ये ती सुमारे ७९ लाख झाली.

२४/
मात्र आकडे पूर्ण सांगावेत. १९५१ मध्ये भारतात मुसलमानांचे प्रमाण ९.८ टक्के होते, २०११ मध्ये १४.२ टक्के. वाढ झाली आहे. ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तसेच वाढीचा वेग मंदावला आहे, हेही सांगणे आवश्यक आहे. मुसलमानांची दशवार्षिक वाढ १९९१-२००१ मध्ये २९.५ टक्के होती, ती पुढील दशकात २४.६ टक्क्यांवर आली. याच काळात हिंदूंची वाढ १९.९ वरून १६.८ टक्क्यांवर आली.

२५/
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण अधिक स्पष्ट चित्र देते. १९९२-९३ मध्ये एका मुसलमान स्त्रीस सरासरी ४.४ अपत्ये, हिंदू स्त्रीस ३.३. २०१९-२१ मध्ये हे आकडे २.३६ आणि १.९४ झाले. अंतर १.१ होते, ते ०.४ वर आले. घट दोन्हीकडे आहे आणि मुसलमानांत ती अधिक वेगाने झाली आहे.

२६/
धर्म हेच कारण असते, तर प्रदेशानुसार आकडे इतके बदलले नसते. याच सर्वेक्षणात हिंदुबहुल बिहारचा जननदर सुमारे ३.०, तर मुस्लिमबहुल जम्मू-काश्मीरचा १.४. इराणमध्ये १९८० च्या दशकात तो सहाच्या वर होता, वीस वर्षांत दोनच्या आसपास उतरला. भारतात शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा जननदर २.८, आणि बारावी वा पुढे शिकलेल्यांचा १.८. धर्माच्या रकान्यापेक्षा मुलीच्या शाळेचा रकाना बरेच अधिक सांगतो.

२७/
२०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर १.७ होता, लोकसंख्या स्थिर राहण्यास लागणाऱ्या २.१ पेक्षा कमी. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले, तेव्हा समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखे वागविले. शंभर वर्षांनी कर्व्यांचा विचार घरोघरी पोहोचला, हिंदूंच्या आणि मुसलमानांच्याही. ‘त्यांच्या बरोबरीने मुले जन्माला घाला’ असे सांगणारे भाषण ऐकले तर जाते. पण शिकलेली स्त्री आपला निर्णय त्यावरून घेत नाही.

२८/
मुलांची संख्या कमी होत गेली की काही दशकांनी काम करणारे हात कमी पडतात आणि दुसरीकडून माणसे येतात. ब्रिग्जच्या धुळ्यात हेच घडले. उद्याच्या खान्देशात केळीच्या बागांत, कापसाच्या कारखान्यांत आणि रुग्णालयांत कोण काम करील, हा प्रश्न मग कट्ट्यावरचा राहणार नाही. त्यांना शेजारी म्हणून घ्यायचे की ‘बाहेरचे’ म्हणून, हे ठरविणाऱ्यांत आज विशीत असलेले वाचकच असतील.

२९/
इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे दफ्तर धुळ्यात आहे. त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ ते सांभाळते. राजवाड्यांची अनेक मते आज कोणास पटणार नाहीत, परंतु कागद पाहिल्याशिवाय बोलू नये ही शिस्त त्यांनी महाराष्ट्राला लावली. या धाग्यातील पाटण, थाळनेर, बुऱ्हाणपूर ही ठिकाणे धुळे-जळगावहून एका दिवसात पाहून येण्यासारखी आहेत. बुऱ्हाणपूरचा शिलालेख अजून जागेवर आहे. पुढच्या वेळी कोणी तीन प्रश्नांचे एकच उत्तर देऊ लागला, तर त्याला सोबत घेऊन जावे.